वरच्या शेडचा वास : प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. देवगड तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं गाव, उताराला लागून घर, त्याच्या तीन खोल्या होमस्टेला दिलेल्या. काल पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसले, सोलकढी दोनदा मागून घेतली, सगळं छान. रात्री दीडच्या सुमाराला खिडक्या लावल्याचे आवाज आले. सकाळी घावणे खाताना बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "इथे जवळपास काही मेलंय का हो?"

मेलेलं काही नाही. जिवंत आहे, चार हजार नग. आमच्या पूर्वेला चढावर, माझ्या पावलांनी २४० पावलांवर, भाऊंची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. भाऊ म्हणजे चुलतभाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. शेड उभी राहिली तेव्हा ग्रामपंचायतीच्या ना-हरकत कागदावर शेजारी म्हणून पहिली सही माझीच होती. तेव्हा मला वाटलं होतं, कोंबड्या म्हणजे काय, आमच्या परसातही होत्याच की.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज तीन आकडे लिहायचे: सकाळी ६, दुपारी २, रात्री ११. शून्य म्हणजे वास नाही. १ म्हणजे मुद्दाम हुंगलं तर. २ म्हणजे सहज जाणवतो. ३ म्हणजे खिडकी लावावीशी वाटते. ४ म्हणजे झोपमोड. नाक माझं आणि बायकोचं. एकमत झालं नाही तर तिचा आकडा धरायचा. तिचं नाक तिखट आहे.

२८ ऑक्टोबर

दहा दिवस झाले. दहापैकी आठ रात्री ३ किंवा ४. दुपारचे दहाही आकडे शून्य किंवा १. म्हणजे जिच्यामुळे शेजाऱ्याशी भांडण व्हायची वेळ आली ती गोष्ट दुपारी अस्तित्वातच नसते. भाऊ मला नेहमी भेटतात ते दुपारी.

तीन रात्री अंगणात उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिलं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्याचा उपयोग पन्नाशीनंतर झाला. दिवसा जमीन तापते, वारा समुद्रावरून आत येतो आणि वास वर सड्याकडे, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठाराकडे, जातो. रात्री जमीन निवते, वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. पण तेवढ्यानं आठ रात्री होत नाहीत. रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं वर गेलो. व्हाळात पाय ठेवला की गार हवा घोट्याला लागते. थंड झालेली जड हवा पाण्यासारखी उतारानं खाली सरकते, तिला व्हाळाची वाट आयती मिळालेली. व्हाळ जातो कुठून, तर शेडच्या मागून आमच्या विहिरीच्या अंगाला. चार घरं सोडून राहणाऱ्या काकांना वास येत नाही, आम्हाला येतो, त्याचं कारण हे. काका म्हणत होते, तुझ्या मनाचे खेळ.

२९ ऑक्टोबर

मेहुणा वकील आहे, त्याचा फोन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे पूर्वीचं १३३, सार्वजनिक उपद्रव. अर्ज करून टाक म्हणाला. प्रदूषण मंडळाचंही बघितलं: केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या सूचनांत संमतीचा विषय ५,००० पक्ष्यांपासून सुरू होतो. भाऊंकडे ४,०००. आणि ना-हरकतीवर माझी सही. शिवाय भाऊंच्या डोक्यावर शेडचं कर्ज आहे आणि गणपतीत आमची आरती एकाच देव्हाऱ्यापुढे होते. अर्ज राहू दे.

संध्याकाळी वर गेलो. ओसरीवर वहिनीनं चहा ठेवला. विषय काढला तसे भाऊ म्हणाले, "सुकटीचो वास चलता तुका, माझ्या कोंबयांचो नाय?"

मी म्हटलं, "भाऊ, सुकटीक रात्री दोन वाजता कोण उठान बसना नाय."

"तूच सही केलंस मा?"

"केलंय. म्हणान तर तुमच्याकडे इलंय, तहसीलदाराकडे नाय."

यावर ते हसले नाहीत, पण उठले आणि शेडचं दार उघडलं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळे भरून आले. अमोनिया. वास मागाहून कळतो, आधी डोळ्यांना कळतं. पक्षी ३४ दिवसांचे. खाली भाताच्या तुसाची गादी, कडेला चांगली भुसभुशीत, पण पाण्याच्या निप्पलच्या (चोच लावली की थेंब देणाऱ्या तोट्या) ओळींखाली काळी, चिकट, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी थापी झालेली. बोटानं उचकटली तर अख्खी लादी निघाली, खालून वाफ. मूठभर तूस दाबून पाहिलं. कडेचं हात उघडताच विस्कटलं. निप्पलखालचं लाडवासारखं तसंच राहिलं, वर माझ्या बोटांचे ठसे.

भाऊ म्हणाले, थोडा भिजतलाच. मी मनात हिशेब केला. या वयाचा पक्षी दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो आणि त्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो. चार हजार पक्षी म्हणजे रोज बाराशे लिटर पाणी त्या शेडमधून जातं. काही श्वासावाटे उडतं, बाकी विष्ठेतून तुसात. त्यात निप्पल ठिबकायला लागली की संपलं. विष्ठेतल्या युरिक ॲसिडपासून अमोनिया करणारे जीवाणू ओलीतच वाढतात. कोंबड्या कोरड्यात ठेवल्या तर त्यांचा वास येतो, पण तो घरापर्यंत चालत येत नाही.

३१ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

माझी चूक, लिहून ठेवतो. परवा रात्री मीच भाऊंना म्हटलं, चुना मारूया. गोठ्यात चुना मारतात, विहिरीत टाकतात, म्हणून डोक्यात बसलेलं. काल दुपारी दोन गोणी फक्की चुना आम्ही दोघांनी त्या ओल्या गादीवर भुरभुरला. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत भाऊंचा मुलगा शेडमध्ये उभा राहू शकत नव्हता. पक्षी डोळे मिटून कोपऱ्यात. सगळे पडदे वर करून पंखे लावले, तेव्हा कुठे निभावलं.

ओल्या गादीवर चुना टाकला की तिची अल्कता वाढते आणि आत मुरलेला अमोनिया वायू होऊन सुटतो. नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

आज पहाटे पाचला तुळशीपुढे "गोविंदा गोविंदा" करून कारीट फोडलं. उटणं लावलेलं, सुगंधी साबण, आणि व्हाळातून येणारा भपकारा असा की मुलगी नाक धरूनच न्हाणीत गेली. कालनिर्णयावर ४ लिहायला जागा होती. ५ लिहिलं.

७ नोव्हेंबर

काल रात्री लिफ्टिंग झालं, म्हणजे वाढलेले पक्षी कंपनीनं उचलून नेले. कंपनीची गाडी दोनला आली, साडेचारला गेली. शेड रिकामी. आता वास जाईल असं वाटलं होतं, उलट आज सकाळी ३. वर जाऊन पाहिलं तर काढलेलं कोंबडखत शेडच्या मागे, व्हाळापासून सात-आठ पावलांवर, उघड्यावर ढीग करून ठेवलेलं. पावसाळ्यातला जुना ढीग तिथेच, खाली काळं पाणी झिरपलेलं. जांभा दगड म्हणजे चाळणच, त्यातून ते माझ्या विहिरीकडे किती पोचलं असेल याचा विचार नको.

भाऊंना म्हटलं, कोंबड्या गेल्या तरी वास आहे, म्हणजे कोंबड्यांचा दोष अर्धाच. त्यावर ते खूश झाले.

२१ नोव्हेंबर

उद्या नवी पिल्लं. हे पंधरा दिवस भाऊ, त्यांचा मुलगा आणि मी. झालेली कामं:

निप्पलच्या चार ओळी. प्रत्येकीचा दाब तपासला. टाकी उंच असल्यामुळे दाब जास्त, शेवटच्या टोकाची निप्पल जास्त गळत होती. दाब कमी करायला मध्ये छोटी टाकी बसवली. त्रेसष्ट निप्पल बदलली. ओळींची उंची वाढवायला कप्पी लावली. पक्ष्यानं मान वर ताणून पाणी प्यायला हवं. वाकून प्यायला लागला की अर्धं पाणी खाली. पक्षी वाढतो तशी ओळ दर दोन-तीन दिवसांनी चढवायची, हे भाऊंना माहीत होतं, पण दोरी ओढून बांधायचा कंटाळा. आता कप्पी आहे.

फरशीवर सुपर फॉस्फेट, सगळ्या शेडला मिळून एक ५० किलोची गोणी. ते आम्लधर्मी, अमोनियाला धरून ठेवतं. चुन्याच्या बरोबर उलट. हे शेड रिकामी असताना, तोंडाला रुमाल बांधून. त्यावर कोरड्या तुसाचा तीन बोटं थर.

खर्च निम्मा मी दिला. भाऊ नको म्हणत होते. मी म्हटलं, होमस्टेच्या जाहिरातीत धरतो.

१८ डिसेंबर

पक्षी २६ दिवसांचे. रोज सकाळी गादी उलथायची, दाताळ्यानं, दारापासून टोकापर्यंत. पाऊण तास लागतो. भाऊंचा मुलगा सहा दिवस करतो, सातव्या दिवशी मी. ओली लादी दिसली की उचलून बाहेर, तिथे कोरडं तूस.

रात्रीचे आकडे १, २, १, १, २, ३, १. ते ३ आलं त्या दिवशी एका ओळीचं जोड सुटलं होतं.

मुठीची परीक्षा आता भाऊच करून दाखवतात, आल्या-गेल्याला. "लाडू झालो तर नापास."

४ जानेवारी २०२५

काल रात्री लिफ्टिंग. आजचा वास वेगळा. अमोनिया नाही, कुजका, गोडसर, पोटात ढवळणारा. मरतुकीचा खड्डा. बॅचमध्ये शंभराच्या आसपास पक्षी मेले, ते व्हाळाकडेच्या उथळ खड्ड्यात माती लोटून पुरलेले, रात्री कोल्ह्यांनी उकरून काढले. एक पंख आमच्या पायरीवर सापडला. बायको या विषयावर एकही शब्द बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

खड्डा बुजवला. मेलेले पक्षी यापुढे खताच्या हौदात, मधोमध, वर-खाली हातभर कोरड्या खताचा आणि तुसाचा थर. तो हौद आता बांधायचाय.

१२ जानेवारी

हौद झाला. शेडच्या वरच्या अंगाला, व्हाळापासून लांब, चिऱ्यांचा, तीन बाजूंनी भिंत, चौथी फळ्यांची, वर जुने सिमेंटचे पत्रे, खाली कोबा. दोन कप्पे. भाऊंकडे पडलेले चिरे वापरले, गवंड्याचे तीन दिवस.

कोंबडखतात नत्र भरपूर, कर्ब कमी, म्हणून एकटं ठेवलं की नत्र अमोनिया होऊन उडतो. उडालेला नत्र म्हणजे गेलेलं खत, आणि खत म्हणजे पैसे. भाऊंना वासापेक्षा हे लगेच पटलं. कर्ब आपल्याकडे फुकट: कलमांच्या बागेतला पातेरा, भाताचा पेंढा, नारळाची सोडणं. सोडणं कुजायला वर्षं घेतात, पण तळाला घातली की हवा खेळते. वर एक थर खत, दोन थर पातेरा, पाण्याचा शिडकावा. मुठीची परीक्षा इथेही. इथे मात्र पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी. शेडमध्ये कोरडं, हौदात ओलसर. भाऊंच्या मुलानं दोन्ही उलट लक्षात ठेवलं होतं, पहिल्या दिवशी.

९ फेब्रुवारी

लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवतो, दहा मिनिटांनी काढून हातात धरतो. धरवली नाही तर काम चालू आहे. साठ अंशाच्या घरात असावं. तिसऱ्या आठवड्यात सळई कोमट लागली, म्हणजे उलथायची वेळ.

उलथताना वास येतोच, तो टाळता येत नाही. दुपारी १२ ते ३ मध्ये उलथलं, खारा वारा चांगला वाहत असताना. आमच्याकडे शून्य. वर सड्यावर तर कलमंच आहेत, असं मी धरून चाललो होतो. चारच्या सुमाराला सड्यावरच्या बागेचा नेपाळी राखणदार खाली आला. मोहोराला फळ धरलेलं, तो रात्रंदिवस माकडांमागे तिथेच खोपटीत राहतो. म्हणाला, "दाजू, आज जेवण गेलं नाही." मी वाऱ्याचा सगळा अभ्यास केला, त्याची खोपटी नकाशावर घ्यायला विसरलो. तोही माणूसच की.

आता उलथायच्या आदल्या दिवशी त्याला सांगायचं, तो त्या दुपारी देवगडला बाजार करून येतो. उलथल्यावर लगेच वर वीतभर जुन्या तयार खताचा थर. त्यानं वास बराच आत राहतो.

१४ मार्च

शिमगा. पालखी भाऊंच्या खळ्यात नाचली, मग आमच्या. काम बंद.

२७ एप्रिल

पहिल्या कप्प्याचं खत काळं, दाणेदार, मातीचा वास. भाऊंनी विकायचं म्हणून गोण्या भरल्या. दहा गोण्या माझ्या कलमांना ठेवल्या, पैसे घेतले नाहीत. वहिनी म्हणाली, वासाचे पैसे वळते केले.

व्हाळाच्या तोंडाशी, माझ्या हद्दीत, कुंपण आखलं. वास धुळीवर बसून येतो. दाट झाडोरा ती धूळ अडवतो आणि हवेची वाट वर उचलतो. शेडला चिकटून लावायचं नाही, नाहीतर शेडचाच वारा बंद होईल आणि गादी पुन्हा ओली. दोन ओळी: आत गिरिपुष्पाच्या फांद्या, बाहेर माणगा बांबू. माणग्याला आडोसा व्हायला तीनेक वर्षं. तोवर बांबूच्या चौकटीवर शेडनेटचा दुहेरी पडदा, दहा फूट. दिसायला लग्नाच्या मांडवासारखा.

लावणी पावसाच्या सुरुवातीला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात म्हटलं होतं.

२५ मे, रविवार

पाऊस जूनची वाट बघत बसला नाही. पाच दिवस झोडपतोय आणि आज हवामान खात्यानं मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं. रेषा नेमकी आमच्या नावावर. कौतुक करायला कोणी घराबाहेर पडलं तर ना.

भाऊंच्या झाडांवर शेवटचा आंबा, पिल्लं २८ ला येणार, पावसाळ्याच्या तुसाच्या चाळीस गोण्या शेडबाहेर ताडपत्रीखाली. ताडपत्री फाटकी. वरच्या बावीस गोण्या भिजल्या. तूस एकदा भिजलं की बुरशी धरतं, ते पिल्लांखाली घालता येत नाही. कणकवलीजवळच्या करवतीच्या गिरणीतून कोरडा लाकडी भुसा आणला. त्यात ढलपे आणि खिळे नाहीत ना, हे दोघांनी चाळून पाहिलं.

शेडच्या पश्चिमेकडून झड आत येते. पत्र्याची वळचण दोन फूटच. सायंकाळी भर पावसात आम्ही तिघांनी बांबू पुढे काढून झावळ्यांची झापं बांधली. आजोबा पडवीला बांधायचे तशी. प्लास्टिकचा पडदा वारा अडवतो, झाप पाणी अडवतं आणि वारा सोडतं. मी वेणी घालत होतो, भाऊ वरून म्हणाले, "बापाशीनं तुका येवढा तरी शिकवल्यान."

भिजलेलं तूस हौदात गेलं.

१८ जून

पिल्लं तीन आठवड्यांची. आकडे सगळे शून्य. याचं श्रेय आमच्या कामाला नाही. पावसाळ्यात वारा रात्रंदिवस समुद्रावरून, वास आमच्याकडे येतच नाही. शेडमध्ये जाऊन पाहिलं तर दमट हवेनं गादी जड झालेली, मुठीत अर्धवट लाडू. उलथणं दिवसातून दोनदा केलं. कालनिर्णय बघून बसलो असतो तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच.

गिरिपुष्पाला फुटवे आले. माणग्याची बारा रोपं, एक म्हशीनं खाल्लं.

५ सप्टेंबर

गणपतीत लिहायला सवड नव्हती. चाकरमानी आले, गेले. मुंबईच्या पुतण्यानं विचारलं, शेड बंद केली काय?

२९ ऑक्टोबर २०२५

गेल्या वर्षीच्या त्याच तारखा मांडल्या, १९ ते २८ ऑक्टोबर. पक्ष्यांचं वय गेल्या वेळेपेक्षा दोनच दिवसांनी कमी, म्हणून तुलना चालेल. तेव्हा दहापैकी आठ रात्री ३ किंवा ४. आता दोन रात्री ३, एकदाही ४ नाही, पाच रात्री १, बाकी २. आकड्यांत शून्य एकही नाही. तसं होणारही नाही. बायकोच्या मते दोनपैकी एका रात्रीचं ३ हे आमच्याच गच्चीवरच्या सुकवलेल्या बांगड्यांचं होतं. मी ते शेडच्या खात्यावर लिहिलंय, वाद नको.

दुसऱ्या रात्रीचं ३ खरं. तिसऱ्या ओळीची टोकाची निप्पल पुन्हा ठिबकत होती, खाली परातीएवढी लादी. भाऊंकडचे वॉशर संपले. शनिवारी कणकवलीला जायचंय तेव्हा: वॉशर दोन डझन, दाताळ्याला दांडा, बांबूच्या पडद्याला सुतळी. चुना नको.